शक्यता नाही

आमच्या अक्काच्या शेतात सोयाबीनची गंज झाकायला जो फ्लेक्स आहे, त्यावर माझ्या भाच्याचा फोटो आहे. ‘भारतीय सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची अठ्ठावीस मुंडकी. त्यातल्या तिघांना भाचा ओळखत नाही आणि एकाला तर गावच ओळखत नाही. जागा उरली म्हणून फ्लेक्सवाल्याने पदरचा घातला असावा. २०१८ साली हा फ्लेक्स मुखेडकडच्या आमच्या चौकात चढला, २०१९ साली उतरला, आणि तेव्हापासून दर खरिपाला पावसाशी लढतोय. भाचा सैन्यात टिकला नाही. फ्लेक्स टिकला.

*

सैन्यभरतीचं ग्राउंड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पहाटे पाचला नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर उभं राहावं. अंधारातून आधी श्वास ऐकू येतात, मग पोरं दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की साठ मार्क. दहा पुलअप्स काढल्या की चाळीस. वर नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅगवरून तोल सांभाळत चालणं. उंची १६८, छाती ७७ आणि फुगवून ८२. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना बारावीचे मार्क आठवतात. तो पॅटर्न डोक्याचा, हा पिंढरीचा.

भाच्याचं ग्राउंड निघालं, लेखी निघाली, मेडिकल निघालं. गावाने हलगी लावली. पोरगं ट्रेनिंग सेंटरला गेलं. सेंटरचं नाव सांगत नाही, कारण सदर मला पुढच्या आठवड्यातही लिहायचं आहे.

तिथे उस्ताद पळवायचे, हा पळायचा. उजव्या पिंढरीत कळ येऊ लागली. पंधरा दिवस हा गप्प राहिला. ‘अनफिट’ हा शब्द कानावर पडू नये म्हणून आमच्याकडची पोरं काहीही सोसतात, त्यात पुन्हा शेतकऱ्याचं पोर. शेवटी एक्स-रे निघाला. हाडाला बारीक भेग. विश्रांती, मग रेलिगेशन, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलणं. पुन्हा पळाला, पुन्हा कळ, पुन्हा मागची तुकडी. असं दोनदा झाल्यावर ट्रंक भरायला सांगितली आणि हातात कागद दिला. कागदावर पाचसहा शब्दांचं इंग्रजी वाक्य होतं: ‘अनलाइकली टू बिकम ॲन एफिशियंट सोल्जर.’

*

गावात हे वाक्य पाच जणांनी वाचलं आणि पाच अर्थ निघाले. मेडिकल दुकानवाला म्हणाला, काहीतरी आजार दिसतोय, नाव मोठं आहे. ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला ‘लाइक’ एवढंच ओळखीचं वाटलं. तो म्हणाला, साहेब लोकांनी लाइक केलं नाही. शाळेतल्या सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, नीट वाचून सांगतो. ते अजून वाचताहेत. पारावरच्या एकाने न वाचताच निकाल दिला, की कायतरी भानगड केली असणार, उगी कोण सोडतंय. पाचवा वाचणारा मी. मला अर्थ कळला होता, म्हणून मी अक्काला सांगितला नाही.

आता सांगतो. त्याचा अर्थ ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’.

नीट बघा. ‘हाड मोडलं’ असं वाक्यात नाही. ‘पळता आलं नाही’ असंही नाही. काय झालं हे हा कागद सांगतच नाही, पुढे काय होणार नाही ते सांगतो. एक्स-रे काढला पिंढरीचा आणि निदान लिहिलं भविष्याचं.

मराठवाड्यात ‘शक्यता’ या शब्दाला तशी फार किंमत नाही. हवामान खातं ‘पावसाची शक्यता’ म्हणतं तेव्हा आम्ही आधी मुंग्यांकडे बघतो, मग आभाळाकडे, मग दुकानदाराच्या उधारीच्या वहीकडे, आणि त्यानंतर पेरायचं की नाही ते ठरवतो. ‘शक्यता आहे’ म्हटल्यावर ज्या गावात कोणी चाड्यावर मूठ धरत नाही, त्याच गावात ‘शक्यता नाही’ म्हटल्यावर ठरलेली सोयरीक मोडली. भाच्याचीच. पाहुणे म्हणाले, पोरगा चांगलाय हो, पण सरकारनंच लिहून दिलंय म्हटल्यावर...

*

लातूरला आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. उदगीरकडचे. सकाळी चालायला निघतात तेव्हा त्यांच्या बुटांच्या आवाजावर लोक घड्याळ लावतात. मी त्यांच्याबरोबर चालतो, म्हणजे ते चालतात आणि मी मागे मागे येतो. भाच्याला सोबत घेऊन त्यांना हा कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि विचारलं, “मेडिकल बोर्ड झाला का ह्याचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे चार डॉक्टरांनी बसून पाय बघितला, टक्के काढले, कशामुळं झालं ते लिहिलं, असं झालं का?”

भाचा म्हणाला, “नाही साहेब. ट्रंक भर म्हनले.”

सुभेदारांनी मग समजावलं ते असं. सैन्यातून माणूस बाहेर पडायला दारं बरीच आहेत. ती सगळी १९५४ च्या लष्करी नियमांतल्या तेराव्या नियमात मांडून ठेवली आहेत. मुदत संपली हे एक दार, स्वतःहून मागितलं हे दुसरं, वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य ठरला हे तिसरं. कच्च्या रंगरुटासाठी हे ‘शक्यता नाही’चं दार वेगळं. सगळी दारं बाहेरच उघडतात, पण बाहेर पडल्यावर काय मिळतं हे दारावर ठरतं. बोर्डाच्या दारातून गेलात तर ‘हे नोकरीमुळं झालं का, अपंगत्व किती टक्के’ असा प्रश्न निदान उभा राहतो. वीस टक्क्यांपासून पेन्शनचा हिशोब सुरू होतो. ‘शक्यता नाही’च्या दारातून गेलात तर प्रश्नच आडवा होतो. पाय तोच, भेग तीच, फक्त दार चुकलं.

“आणि सैन्यात शरीराची जात असते का हो?” मी विचारलं.

“जात नाही, शेप असतो,” सुभेदार म्हणाले. त्यांनी पाच बोटं पुढे केली. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे अंगातली ताकद, ई म्हणजे डोळे. सगळं ठणठणीत असेल तर शेप वन. खाली घसरलं की कॅटेगरी डाउन. “ह्या पाचात स्वभाव कुठंय, दाखवा बघू.”

स्वभाव नव्हता. तरी गावाने कागद वाचला तो स्वभावाचा दाखला म्हणूनच.

*

एसटीची गाडी आरटीओत पासिंगला जाते. ब्रेक लागत नाहीत म्हणून नापास होते. तिच्यावर कोणी ‘कार्यक्षम बस होण्याची शक्यता नाही’ असं लिहीत नाही. तिला वर्कशॉपला नेतात, आणि ब्रेक न बदलता परत आणतात, तो विषय वेगळा.

माळेगावच्या जत्रेत घोडा घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, पन्नास पावलं पळवून बघतो. घोडा लंगडला तर भाव पाडतो, नाहीतर पुढच्या दावणीला जातो. घोड्याच्या गळ्यात पाटी अडकवत नाही. आम्ही शेकडो वर्षं जनावरं बाजारात उभी करतोय, पण लंगडणं आणि लबाडी ह्यांतला फरक आम्हाला कळतो. हे दोन्ही एकाच रकान्यात घालायला शिक्षण लागतं.

*

आता कायद्याकडे येऊ. सदर वाचणाऱ्यांना कायदा आवडत नाही हे मला माहीत आहे, पण हा वाचाच. लष्कर कायदा १९५०, कलम २३. सैन्यातून कमी होणाऱ्या शिपायाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कोणाच्या अधिकाराने कमी केलं, कोणत्या कारणाने केलं, आणि एकूण नोकरी किती झाली. आणि हा दाखला द्यायचा त्या माणसाच्या मातृभाषेत, शिवाय इंग्रजीत.

मातृभाषेत! मी ते कलम तीनदा वाचलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. त्यावर आपण किती सत्कार घडवून आणले, किती शाली लुटल्या. पण घरी परतणाऱ्या शिपायाला त्याच्या आईला कळेल अशा भाषेत कारण सांगावं, एवढी अदब कायद्याने १९५० सालीच लिहून ठेवली होती. तिच्या सत्काराला कोणी गेलं नाही.

“तुझ्या कागदावर मराठी आहे का?” मी भाच्याला विचारलं.

त्याने कागद उलटा केला. मागे दाजींनी खताच्या उधारीचा हिशोब केला होता. तेवढंच मराठी होतं.

*

अपील करावं का? सुभेदार म्हणाले, करावं. ह्याआधी लोकांनी केलंय आणि जिंकलंय.

राजपाल सिंग नावाचे नायब सुभेदार होते. मेडिकल कॅटेगरी खाली आली म्हणून त्यांना कमी केलं, पण अपात्र ठरवणारा जो खास मेडिकल बोर्ड बसवायचा तो बसवलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००८ मध्ये सांगितलं, की शरीराच्या कारणाने काढायचं असेल तर बोर्डाची पायरी टाळता येणार नाही. २००७ च्या एका पत्राच्या आधारे लष्कराने कमी मेडिकल कॅटेगरीच्या जवानांना घाऊक घरी पाठवलं होतं, त्यालाही दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हाच आरसा दाखवला.

धरमवीर सिंग सिग्नल्समध्ये होते. फिट्स येऊ लागल्या म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर बाहेर. ‘हा आजार नोकरीमुळे नाही’ असं म्हणून पेन्शन नाकारलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने साधा हिशोब मांडला. भरतीच्या वेळी तुम्हीच तपासलंत ना? तेव्हा कागदावर आजाराची नोंद नाही ना? मग तो आजार नोकरीत आला असंच धरायचं. तसं नाही हे दाखवायचं असेल तर तुम्ही दाखवा. शेतकऱ्याला हे पटकन कळतं. दावणीला बांधलं तेव्हा जनावर धड होतं, मग दावणवाल्याने सांगावं काय झालं ते.

आणि लाल शाईचं प्रकरण. सैन्यात शिक्षेची नोंद लाल शाईत होते. अशा चार नोंदी झाल्या की ‘नको असलेला’ म्हणून घरी, अशी एक सवय पडली होती. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चार हा आकडा म्हणजे पाढा नव्हे. चौकशी करा, गुन्हा किती मोठा होता ते बघा, माणसाची एकूण नोकरी बघा, मग ठरवा.

तिन्ही निकालांचं तात्पर्य सुभेदारांनी चहा संपायच्या आत सांगितलं, “काढा, पण का काढलं ते खरं लिहा.”

*

अपील म्हटलं की भूगोल आला. नांदेडची पोरं भरतीला छत्रपती संभाजीनगरच्या भरती कार्यालयाखाली येतात, लातूरची पोरं पुण्याच्या. दोन जिल्हे शेजारी, बांधाला बांध, पण छाती फुगवायची वेगवेगळ्या दिशेने. आणि सैन्यातून कमी झालात की दोघांनी जायचं मुंबईला, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे. तिथे पळायला लागत नाही, पण तारखा पळतात.

त्यातही गंमत अशी. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, लातूरला त्याच दलाचं रंगरूट केंद्र, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं केंद्र. आमच्याकडे पाण्याची टाकी नसेल, पण परेड ग्राउंड आहे. मात्र ह्या दलांतला जवान घरी पाठवला गेला तर त्याला हे न्यायाधिकरण नाही. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात भूदल, नौदल आणि हवाई दल एवढंच बसतं. राखीव दलवाल्याने उच्च न्यायालयात जायचं. म्हणजे एकाच चौकात, एकाच फ्लेक्सवर, शेजारी शेजारी अभिनंदन झालेली दोन पोरं, दोघांचीही पिंढरी मोडली, तर एक मुंबईला जाणार आणि दुसरा संभाजीनगरच्या खंडपीठात. अशा वेळी शुभेच्छुकांनी कुणाबरोबर जायचं? काळजी नको. शुभेच्छुक कुठेच जात नसतात.

मुंबईला जायला नांदेडहून तपोवन आहे, देवगिरी आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. लातूरहून आमची लातूर-मुंबई आहे, जी बीदरला नेल्यावर आम्ही जितकं रान उठवलं तितकं कुठल्या जवानासाठी कधी उठवलं नाही. जागेचा प्रश्न होता ना. जवानाला उभं राहायची सवय असते.

*

आणि मुदत? अंतिम आदेशापासून सहा महिने. त्याआधी सैन्यातल्या सैन्यात जो काही अर्ज-विनंतीचा मार्ग असेल तो संपवायचा. तिथून सहा महिने उत्तरच नाही आलं तर न्यायाधिकरण.

अमेरिकेत सैनिक सुटताना त्याच्या कागदावर दर्जा लिहितात: सन्माननीय, सर्वसाधारण, त्याखालचे आणखी. तो दर्जा चुकीचा वाटला तर पुनरावलोकन मंडळाकडे जायला सुटल्यापासून पंधरा वर्षं मिळतात. त्यांचंही सगळं धुतलेलं होतं असं नाही. १९४७ पर्यंत त्यांच्याकडे निळ्या कागदावरची सुटका होती, ना सन्माननीय ना अपमानास्पद. काळ्या सैनिकांना आणि समलिंगी सैनिकांना ती सढळ हाताने दिली जायची, आणि पुढे नोकरी देणारा तो निळा रंग बघूनच दार लावायचा. म्हणजे लाल शाई आपली, निळा कागद त्यांचा. माणसाला डाग लावायचा म्हटलं की जगात रंगांना तोटा नाही. पण डाग धुवायला त्यांनी पंधरा वर्षं दिली. आपल्याकडे सहा महिन्यांत तर सात-बाऱ्यावरची चूक तलाठ्याला सापडत नाही.

*

‘अपील वगैरे करणं आपल्या रक्तात नाही’ असं पारावर कोणीतरी म्हणालंच. त्याच्यासाठी एक गोष्ट.

गोपाळबाबा वलंगकर. दापोलीकडचे, सैन्यातले निवृत्त हवालदार. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ह्या जातीचा माणूस लढवय्या नाही असा त्यांचा नवा शोध. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी कंपनीसाठी बंदूक धरली, त्यांच्यावर एका फटक्यात ‘शक्यता नाही’. कोणाची पिंढरी तपासली नाही, कोणाला सोळाशे मीटर पळवलं नाही. जात विचारली आणि निकाल लिहिला. वलंगकरांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरलं, १९२१ मध्ये ती मोडली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही उभी आहे.

अर्जापासून रेजिमेंटपर्यंत सत्तेचाळीस वर्षं. सहा महिन्यांची मुदत तेव्हा असती तर वलंगकरांचा अर्ज आवक-जावकच्या टेबलावरूनच परत आला असता.

*

साध्या शिपायाचंच असं होतं असं समजू नका. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत आणि देशातल्या इतर अकादम्यांत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेले कॅडेट १९८५ पासून सुमारे पाचशे आहेत, अशी बातमी २०२५ साली आली. कोणाला व्हीलचेअर, कोणी अंथरुणाला खिळलेला. हातात महिना चाळीस हजारांपर्यंतचं सानुग्रह अनुदान, आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जा नाही, कारण प्रशिक्षणात होते, सैन्यात कुठे होते? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. महिना संपायच्या आत माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं दार त्यांना उघडलं. चाळीस वर्षं जे नियमांत बसत नव्हतं ते पंधरा-वीस दिवसांत बसलं. कार्यक्षमता अशी असते.

आणि आता अग्निवीर. जून २०२२ ला योजना आली. नोकरी चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना तीस हजार, शेवटी सेवा निधीची रक्कम, आणि चारातला एक ठेवणार, तिघं घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. नोकरीत अपंगत्व आलं तर शंभर टक्क्यांना चव्वेचाळीस लाख, पंचाहत्तरला पंचवीस, पन्नासला पंधरा. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. म्हणजे आमच्या दोन जिल्ह्यांत कागद घेऊन उतरणाऱ्या पोरांची आता रांग लागेल. त्यांच्या कागदावर काहीही वाईट लिहिलेलं नसेल. पण ‘चारातला एक का नव्हता?’ हे पाहुणे विचारतीलच. फ्लेक्सवाल्यांनी कापड जरा जाड वापरावं, गंजी वाढणार आहेत.

*

भाच्याचा कागद इतक्या वर्षांनी ट्रंकेतून बाहेर कसा आला? एका एजन्सीला एटीएमवर गार्ड हवे होते. फॉर्मवर विचारलं होतं, ‘माजी सैनिक आहात काय? होय / नाही.’ हा दोन्हींच्या मधल्या तिरक्या रेघेवर पेन ठेवून बसला. पुढचा रकाना, ‘पूर्वीची नोकरी व ती सोडण्याचे कारण’. रकाना दीड इंचाचा. त्याने मला फोन केला, “मामा, काय लिहू?”

“काय करूलालास आत्ता?”

“बसलाव.”

“कागद घेऊन लातूरला ये.”

सुभेदारांनी वकील गाठून दिला. माजी सैनिकांच्या आणि जवानांच्या घरच्यांसाठी जुलै २०२५ पासून विधी सेवा प्राधिकरणाची वेगळी योजना आहे, सैनिक कल्याण कार्यालयात कायद्याची मदत मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. वकील शांत माणूस. कागद वाचून म्हणाला, मुद्दा आहे. पण मुदत गेलीय. उशीर माफ करा असा अर्ज लागेल, आणि त्यात उशिराचं कारण वर्षवार द्यावं लागेल.

मग आम्ही तिघं वकिलासमोर बसलो आणि यादी केली.

२०१९: लाज. (वकील म्हणाला, हे चालत नाही. आम्ही तसंच ठेवलं.)
२०२०: लॉकडाऊन.
२०२१: अतिवृष्टी. सोयाबीनला शेंगेतच कोंब.
२०२२: लातूरकडे गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं, नांदेडकडे पावसाने. कोर्टाची फाइल करायला पैसे लागतात, आणि गोगलगाय पावती देत नाही.
२०२३: पावसाने ओढ दिली, जे उरलं ते पिवळ्या मोझॅकने नेलं.
२०२४: पीक आलं. हमीभाव ४८९२. बाजारात गेल्यावर कळलं की तो भावही फक्त अभिनंदनाचा फ्लेक्स आहे.
२०२५: ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पूर.

इथे भाचा थांबला. म्हणाला, “त्या पुरात मिल्ट्री आली होती, मामा. बोटी घेऊन. मी गेलतो बगायला.”

“बोललास का कुणाशी?”

“न्हाई. लांबून बगितलं. जवळ जाऊन काय सांगू, मी कोन हाव म्हनून?”

वकिलाने पेन खाली ठेवलं. सुभेदार खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, लातूरला नळाला पाणी आलं होतं आणि लोक ते भरत होते एवढंच.

*

त्या रात्री भाचा गावी गेला आणि अक्काने विचारलं, “मग, काय हाय त्या कागदात? इतकी वर्सं कोनीच नीट सांगंना.” त्याने सांगितलं. मराठीत. पहिल्यांदा. अक्का गप्प बसली. मग म्हणाली, “पाय मोडला म्हनून लिव्हायचं ना सरळ. शक्यता बिक्यता कशाला.”

सर्वोच्च न्यायालयाला जे सांगायला कित्येक पानांचे तीन निकाल लागले, ते अक्काने चूल फुंकता फुंकता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत वकिलाकडे गेलो. सुभेदारांनी वर्षांची यादी मागितली. अतिवृष्टी, गोगलगाय, मोझॅक, हमीभाव सगळं खोडलं. म्हणाले, एवढी कारणं वाचून साहेबाला वाटेल शेतकऱ्याचं आंदोलन आलंय. मग उशिराच्या कारणाच्या रकान्यात कलम २३ चा हवाला देऊन त्यांनी आपल्या गिचमिड अक्षरात दोनच वाक्यं लिहिली:

‘कागद मातृभाषेत मिळाला नाही. अर्थ काल कळला.’

वकील हसला. पण त्याने खोडलं नाही.